अपूर्ण कालनोंद

अपूर्ण कालनोंद म्हणजे कालमापन करणाऱ्या संगणकप्रणालीत आरंभाची वेळ नोंदली गेलेली, परंतु समाप्तीची वेळ न नोंदलेली कामाची नोंद होय. घड्याळ थांबवण्यास विसरणे, वीज किंवा इंटरनेट खंडित होणे आणि उपकरण अचानक बंद पडणे ही तिची प्रमुख कारणे आहेत. नोंदीवरून वेतन ठरत असल्यास अशा त्रुटीचा थेट आर्थिक परिणाम होतो.

हाताळणीच्या पद्धती

घड्याळ तसेच चालू राहिल्यास सायंकाळी 6 वाजता संपलेले काम दुसऱ्या दिवशी सकाळी 9 पर्यंत 15 तासांनी फुगते. नोंद पुसल्यास प्रत्यक्ष केलेले श्रमही नाहीसे होतात. ठरावीक तासांनंतर घड्याळ आपोआप थांबवणे हा मधला मार्ग होय. मात्र त्यातील समाप्तीची वेळ अनुमानित असते. ईमॅक्समधील ऑर्ग-मोड ही मुक्त प्रणाली जुनी उघडी नोंद आढळल्यास वापरकर्त्यालाच विचारते: वेळ ठेवावी, वजा करावी की नोंद रद्द करावी.

रोजगार हमीतील हजेरी

महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम 1977 मध्ये, तर केंद्रीय कायदा 2005 मध्ये झाला. केंद्रीय योजनेत 'एनएमएमएस' हे मोबाइल ॲप 2021 मध्ये आले. 1 जानेवारी 2023 पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, त्यावरील हजेरी बंधनकारक झाली. मजुरांची दिवसातून दोन छायाचित्रे त्यात अपेक्षित होती. नेटवर्कअभावी दुसरे छायाचित्र राहिल्यास दिवसभर राबलेल्या मजुराची हजेरी अपूर्ण राही. वास्तविक ॲप हाताळणारा मजूर स्वतः नसे. पुढे इंटरनेटशिवाय छायाचित्र टिपून ते नंतर पाठवण्याची सोय झाली. अपवादात्मक परिस्थितीत हजेरी भरण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकास देण्यात आला. म्हणजे राहुरी तालुक्यातील कामावरची एका दिवसाची त्रुटी सुधारण्यासाठी अहिल्यानगरच्या जिल्हा पातळीपर्यंत जावे लागे.

योग्य हाताळणीची तत्त्वे

* मूळ आरंभवेळ कायम ठेवावी.
* अनुमानित समाप्ती वेगळ्या खुणेने दाखवावी.
* दुरुस्ती कोणी, केव्हा व का केली, हे नोंदवावे. कागदी हजेरीपटावरील खाडाखोडीशेजारी स्वाक्षरी करण्यामागे हाच हेतू असतो.
* ज्याच्या श्रमाची नोंद आहे, त्याला ती पाहण्याची व हरकत घेण्याची सोय असावी.

नोंद अपूर्ण असणे आणि काम अपूर्ण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रणालीने पहिलीवरून दुसरीचा निष्कर्ष काढू नये.