'नाही' तरी म्हणा

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर विधानसभा मतदारसंघाने २००९ ला शिवसेनेचे अभिजित अडसूळ निवडून दिले, २०१४ ला भाजपचे रमेश बुंदिले, २०१९ ला काँग्रेसचे बळवंत वानखडे आणि २०२४ ला उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे गजानन लवटे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी निराळा पक्ष. यातला एक पक्ष अखंड महाराष्ट्राची शपथ घेणारा. दुसऱ्याने १९९७ मध्ये भुवनेश्वरच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव केलेला. तिसऱ्याचे विदर्भातले नेते वेगळे राज्य मागतात आणि पश्चिम महाराष्ट्रातले नेते ते नको म्हणतात. म्हणजे पंधरा वर्षांत दर्यापूरच्या मतदाराने या प्रश्नावरच्या सगळ्या भूमिका एकदा तरी निवडून पाहिल्या. प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. पानठेल्यावर विषय निघाला की आता कोणी वाद घालत नाही. होते की नाही ते एकदा सांगून टाका ना राजेहो, एवढेच ऐकू येते.

ही चीड वेगळ्या राज्यासाठीची आहे असे समजणे ही निम्मी समजूत झाली. ज्यांना वेगळा विदर्भ नको आहे, तेही इथे तितकेच वैतागलेले आहेत. सत्तर वर्षे उत्तर न देणाऱ्या व्यवस्थेवर दोघांचाही राग आहे.

अशी कोंडी जगाने अलीकडेच पाहिली. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. बाहेर कसे पडायचे, यावर मात्र संसद अडली. १५ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला. मुदत आधी एप्रिलवर, मग ऑक्टोबरवर, मग पुढच्या जानेवारीवर गेली. राहा म्हणणारे आणि निघा म्हणणारे, दोन्हीकडचे लोक कातावले. तरी ३१ जानेवारी २०२० ला तो देश बाहेर पडला. बरे झाले की वाईट, हा वाद तिथे आजही चालू आहे. पण ब्रिटनच्या माणसाला निदान विचारले गेले, आणि कोणत्या खासदाराने कोणत्या दिवशी कुठल्या बाजूला मत दिले हे त्याला नावानिशी सांगता येते. वऱ्हाडातल्या, म्हणजे पश्चिम विदर्भातल्या, माणसाला यातले काहीच सांगता येत नाही.

वऱ्हाडाला न विचारता वऱ्हाडाचा निर्णय होण्याची परंपरा जुनी आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांचा पराभव केला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा हा मुलूख नागपूरच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. निजामाला कंटिन्जंट फौजेचा खर्च झेपेना, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून तो सालीना २५ लाख रुपयांच्या खंडावर कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढच्याच वर्षी त्याची सोयरीक मध्य प्रांताशी लावून दिली. मालकी हैदराबादची, कारभार नागपूरचा, हुकूम कलकत्त्याचा. कपाशीचा सोन्यासारखा पट्टा शंभर वर्षांत तीनदा हात बदलला, आणि पट्ट्यावर राबणाऱ्याचे मत एकदाही घेतले गेले नाही.

या पार्श्वभूमीवर १ ऑक्टोबर १९३८ ची नोंद महत्त्वाची वाटते. त्या दिवशी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी विदर्भाचा वेगळा प्रांत व्हावा असा ठराव केला. निवडून आलेल्या सभागृहाने या प्रश्नावर स्पष्ट 'हो' म्हटल्याची ही घटना स्वातंत्र्याच्याही आधीची आहे.

स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोल्यात वेगळा विदर्भ आणि संयुक्त महाराष्ट्र अशा दोन्ही बाजूंचे पुढारी बसले. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख अशी ही माणसे होती. त्यांनी जो तोडगा काढला तो आजही कल्पक वाटतो. एका मराठी प्रांतात दोन उपप्रांत असावेत, महाविदर्भाला स्वतःचे विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ असावे. एकत्रही राहायचे आणि आपला कारभार आपण करायचा. हा अकोला करार अमलात आला असता तर पुढची सत्तर वर्षे वेगळी गेली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो अमलात आला नाही.

त्यानंतर २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर यांच्या त्यावर सह्या आहेत. या वेळी उपप्रांताची कल्पना गेली आणि तिच्या जागी आश्वासने आली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि शिक्षणातल्या जागा मिळतील. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला राहील. सरकार वर्षातला काही काळ नागपूरला मुक्काम हलवील आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तिथे होईल. खंडपीठ राहिले. अधिवेशन होते, पण २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले. कलमे पाळली नाहीत तर काय करायचे, याचा बंदोबस्त करारात नव्हता. सगळा भरवसा सह्या करणाऱ्यांच्या शब्दावर होता.

खुद्द वऱ्हाड तेव्हाही एकमुखी नव्हते. महाविदर्भाचे झुंजार पुरस्कर्ते ब्रिजलाल बियाणी अकोल्याचे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने सही करणारे गोपाळराव खेडकरही अकोल्याचेच खासदार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरच्या पुस्तिकेत मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती, त्यातले एक विदर्भाचे. दुसरीकडे मुंबईसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि गोळ्या झेलून मेले. त्या रक्ताची आठवण ज्यांच्या मनात आहे त्यांना महाराष्ट्र तोडायचा हे शब्दच सहन होत नाहीत. त्यांची ही भावना खरी आहे आणि तिचा मान ठेवूनच हा विषय बोलायला हवा.

फाजल अली आयोगाने हे सगळे ऐकले. अध्यक्ष सय्यद फाजल अली, सदस्य हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात त्यांनी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, यवतमाळ, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करण्याची शिफारस केली. हे राज्य आपल्या महसुलावर उभे राहील असे आयोगाला दिसले होते. मोठ्या राज्यात गेलो तर आपल्याकडे दुर्लक्ष होईल, ही इथल्या लोकांची भीतीही त्याने नोंदवली. केंद्राने शिफारस बाजूला ठेवली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. भरपाई म्हणून राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळांची सोय झाली. ती तरतूद १९५६ ची. मंडळे प्रत्यक्ष स्थापन झाली १९९४ मध्ये. अडतीस वर्षांनी.

मधल्या काळात लोक गप्प नव्हते. बापूजी अणे १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर नागपूरहून लोकसभेत गेले. १९६७ मध्ये कृषी विद्यापीठ अकोल्यालाच व्हावे म्हणून वऱ्हाड पेटले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली, तेव्हा कुठे १९६९ मध्ये अकोल्याला विद्यापीठ मिळाले. त्या लढ्यातून पुढे आलेले जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर नागपूरचे खासदार झाले. पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० मध्ये त्या पक्षाकडून निवडून आले. ज्यांनी त्यांच्या सभांसाठी बैलगाड्या जुंपल्या होत्या त्या लोकांना तो धक्का होता. नेता दिल्लीच्या पक्षात गेला की मागणी मागे पडते, हा अनुभव इथे त्यानंतरही अनेकदा आला. काँग्रेसचे नेते एन. के. पी. साळवे आणि वसंत साठे यांनी २००३ मध्ये विदर्भासाठी वेगळा पक्ष काढला, तो टिकला नाही. बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांना राज्याचे महाधिवक्तापद २०१६ मध्ये वेगळ्या राज्यांविषयीच्या विधानांनंतर सोडावे लागले.

मग अडते कुठे? केंद्र सांगते, राज्याकडून प्रस्ताव नाही. राज्यातले सत्ताधारी सांगतात, नवे राज्य करणे हा केंद्राचा अधिकार. दोन्ही वाक्ये ऐकायला बरोबर आहेत आणि दोन्ही मिळून लोकांची फसवणूक करतात. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार नवे राज्य संसदेच्या साध्या बहुमताने होते. राष्ट्रपती त्या विधेयकावर संबंधित विधिमंडळाचे मत मुदत घालून मागवतात. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. सर्वोच्च न्यायालयाने हे बाबुलाल पराते खटल्यात स्पष्ट केले, आणि तो खटला होता याच द्वैभाषिक मुंबई राज्याच्या निर्मितीचा. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगण विधेयक फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले. २ जूनला तेलंगण झाले. त्याआधी २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड एकाच महिन्यात झाली. भुवनेश्वरच्या ठरावाचा पक्ष तेव्हा केंद्रात होता, पण त्याच सरकारात शिवसेनाही होती. कायदा अडवत नाही. आघाड्यांची गणिते अडवतात.

दर्यापुरात या कोंडीची किंमत पाण्यात मोजली जाते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून मोठा पसरला आहे आणि दर्यापूर तालुका त्याच्या पोटात आहे. इथे विहीर खोदली की खारे पाणी लागते. ते पिकाला दिले की जमीन कडक होत जाते, प्यायले की मूत्रपिंडाचे विकार मागे लागतात. त्यामुळे कपाशी, तूर, मूग आणि हरभरा हे सगळे पावसाच्या आणि जमिनीतल्या ओलीच्या भरवशावर. उपाय एकच, नद्यांचे गोडे पाणी अडवणे. घुंगशी, नेर-धामणा, उमा अशी बॅरेजेसची नावे इथल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे पाठ आहेत. कामे रेंगाळत गेली.

वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या विकासाचा अनुशेष मोजला. एकूण ३,१८६ कोटी रुपयांचा, त्यातला विदर्भाचा १,२४६ कोटींचा. १९९७ च्या अनुशेष व निर्देशांक समितीने पुन्हा मोजला तेव्हा विदर्भाचा आकडा ६,६०० कोटींच्या वर गेला होता. केळकर समितीने २०१३ मध्ये तिसरा अहवाल दिला. दर दहा-पंधरा वर्षांनी आजार नव्याने तपासायचा आणि औषधाची चिठ्ठी फाइलीत लावायची, असे हे चालले आहे. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहापैकी पाच जिल्हे वऱ्हाडातले होते. अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाची शिफारस केली.

निर्णयाविना लटकलेल्या गोष्टींची इथे सवय झाली आहे, याला आणखी एक साक्षीदार आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर धावणारी शकुंतला रेल्वे दर्यापूरच्या बनोसा स्थानकावरून जायची. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गाला पोचवण्यासाठी ही अरुंद वाट बांधली. १९५१ मध्ये देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. रेल्वे खाते गाडी चालवायचे आणि कंपनीला मोबदला द्यायचे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते. २०१६ मध्ये रुंदीकरणाची घोषणा झाली. नंतर गाडी थांबली आणि रुळांवर बाभळी उगवल्या. गरिबांची स्वस्त गाडी गेली, नवी आली नाही.

एवढे असूनही दर्यापूर वेगळ्या राज्यासाठी नागपूरइतके आतुर दिसत नाही. मुंबई सहाशे किलोमीटरहून लांब आहे, नागपूर दोनशेच्या आसपास. पण अंतर घटले म्हणून खारपाणपट्ट्याला पाणी मिळेलच, याची हमी कोण देणार? उद्या राजधानी नागपूरला आली तर तिथला मिहान प्रकल्प आणि मेट्रो आधी, पूर्णेचे बॅरेज नंतर, ही शंका वऱ्हाडात उघड बोलली जाते. तिला वेगळ्या विदर्भाच्या नेत्यांनी नीट उत्तर दिलेले नाही. अकोला कराराने जसा एका राज्यात दोन कारभारांचा विचार केला होता, तसा नव्या राज्यात वऱ्हाडाचा वाटा कसा राखायचा याचा मसुदा त्यांनी मांडायला हवा. २०१३ च्या सुमारास जनमंच संघटनेने अमरावती आणि नागपूर शहरांत स्वयंसेवकांकरवी मतपेट्या ठेवून लोकमत घेतले, तेव्हा मोठ्या फरकाने कौल वेगळ्या राज्याकडे गेला. त्या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता आणि मतपेट्या शहरांत होत्या. दर्यापूर, अंजनगाव, तेल्हारा इथल्या शेतकऱ्याला काय वाटते, हे अजून कोणी विचारलेले नाही.

हे विचारायला घटनादुरुस्ती लागत नाही. नागपूर करारामुळे विधिमंडळ दर हिवाळ्यात नागपूरला येते. त्यातला एक पूर्ण दिवस या एका ठरावाला द्यावा, पक्षादेश बाजूला ठेवावा, हात वर करून किंवा आवाजी मताने निकाल न लावता नावानिशी मतदान घ्यावे आणि विदर्भातल्या ६२ आमदारांची नावे त्यांच्या मतासह गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावीत. त्यात दर्यापूरच्या आमदाराचे नाव 'हो'खाली असेल किंवा 'नाही'खाली. पुढच्या निवडणुकीत मत मागायला ते बनोश्याला येतील, तेव्हा त्याचा जाब विचारता येईल.