आगीनंतरची उभारणी

कल्याणजवळ ठाकुर्ली येथे रेल्वेचे चोळा वीजगृह होते. तेथे कोळसा जाळून वीज निर्माण करीत व त्या विजेवर आगगाड्या धावत. ते वीजगृह आता बंद झाले आहे. परंतु चंद्रपूर व कोराडी येथील वीजकेंद्रे आजही कोळशावरच चालतात.

मुलांनो, खाणीतून निघालेला कोळसा जसाच्या तसा भट्टीत जात नाही. खाणीजवळच्या कारखान्यात त्याचे मोठे तुकडे भरडतात, चाळतात व काही ठिकाणी धुतातही. मग रबरी पट्ट्यांवरून तो उंच कोठ्यांत व तेथून मालगाड्यांत जातो.

अशा कारखान्यात आगीचे भय सदैव असते. कोळसा हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू तापतो. ढिगाच्या पोटातील उष्णता कोंडून राहिली, तर काडी न लावताही तो पेट घेतो. पट्ट्याखालचा रूळ अडकला, तर घर्षणाने रबर पेटू शकते. परंतु सर्वांत घातक कोळशाची धूळ होय. ती हवेत उधळली आणि तिला ठिणगी मिळाली, की स्फोट होतो. १९६५ साली आजच्या झारखंडातील धोरी खाणीत अशा स्फोटाने २६८ जीव घेतले.

कारखाना जळाला, की मालगाड्या खोळंबतात व मजुरांची रोजी थांबते. साहजिकच तो लवकर उभारावा, असे सर्वांना वाटते. पण येथे उतावीळपणा कामाचा नाही. ज्वाला शमल्या, तरी कोठीतील कोळसा आत धुमसत असतो. प्रथम तो निववून बाहेर काढावा लागतो. सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत पोलादाचे बळ जवळजवळ निम्मे होते. म्हणून प्रत्येक खांब व सांधा तपासून वाकलेले भाग बदलावे लागतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की आग लागली कशामुळे? त्याचे उत्तर न शोधता कारखाना पूर्वीसारखाच बांधला, तर ती पुन्हा लागण्याची भीती उरतेच. म्हणून नव्या उभारणीत सहज न पेटणारे पट्टे घालतात, धूळ बसविण्यासाठी पाण्याचे फवारे लावतात व रुळांची उष्णता मोजणारी साधने बसवितात.

मात्र एवढ्याने भागत नाही. तुळयांवर व कोपऱ्यांत साचलेली धूळ रोजच्या रोज काढावीच लागते. हे काम साधे दिसते; पण ज्या दिवशी ते राहून जाते, त्या दिवशी नव्या कारखान्यालाही जुनाच धोका असतो.