रत्न एकच, घराणी दोन

संस्कृतातला ‘रत्न’ हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर मध्य आशियात गेला आणि तुर्फानच्या परिसरातल्या जुन्या उइगुर लिखाणात ‘एर्तिनी’ झाला. तोच शब्द समुद्रमार्गे इंडोनेशियातल्या जावा बेटावर उतरला आणि तिथे ‘रेत्ना’ झाला. पुढे इस्लामबरोबर अरबी शब्दांची लाट दोन्हीकडे पोहोचली. उइगुरमधले ‘वाकित’, ‘दुनया’, ‘होकुम’ आणि जावानीजमधले ‘वेक्तू’, ‘दोन्या’, ‘हुकुम’ शेजारी ठेवा. आपले वखत, दुनिया आणि हुकूम त्यांच्याच पंगतीत बसतील. मग या दोन भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का?

मुळीच नाहीत. जावानीज मराठीच्याच तोडीची, सुमारे 8 कोटी लोकांची भाषा असून ती ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे. चीनच्या शिंजियांग प्रांतात आणि शेजारच्या कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तानात बोलली जाणारी उइगुर ही सुमारे एक कोटी लोकांची भाषा तुर्की कुळातली आहे. हे ठरवतात कसे?

भाषाशास्त्रज्ञ आधी पाहुणे शब्द बाजूला काढतात. धर्म, व्यापार, राज्यकारभार यांचे शब्द गावोगाव फिरतात. लहान आकडे, शरीराचे अवयव, दगड, पाणी अशा रोजच्या गोष्टींची नावे मात्र सहजी बदलत नाहीत. एक ते पाचसाठी जावानीजमध्ये सिजी, लोरो, तेलू, पापात, लिमा म्हणतात. उइगुरमध्ये बिर, इक्की, उच, तोत, बेश. दोन्ही याद्यांत कुठेच मेळ नाही.

आता जावानीजचे आकडे हजारो किलोमीटर दूरच्या न्यूझीलंडमधल्या माओरीशी ताडून पाहा. जावानीज तेलू, लिमा, वोलू (तीन, पाच, आठ) यांना माओरीत तोरू, रिमा, वारू म्हणतात. जावानीजचा ‘ल’ तिथे दर वेळी ‘र’ झाला आहे. उइगुरमध्ये पाच म्हणजे बेश, डोके म्हणजे बाश, दगड म्हणजे ताश. कझाकमध्ये त्यांचे बेस, बास, तास होतात, म्हणजे दर वेळी ‘श’चा ‘स’. एखादा शब्द योगायोगानेही सारखा निघेल. पण बदल असा नेमाने, शब्दामागून शब्दात होत असेल, तर दोन्ही भाषा एकाच पूर्वज भाषेतून निघाल्या असे खात्रीने सांगता येते.

दोन्ही भाषांची घडणही वेगळी आहे. उइगुर शब्दाच्या शेपटीला प्रत्यय जोडत जाते. ‘मेक्तेप’ म्हणजे शाळा, ‘मेक्तिपिमिझ’ म्हणजे आमची शाळा, ‘मेक्तिपिमिझदे’ म्हणजे आमच्या शाळेत आणि ‘मेक्तिपिमिझदिकिलेर’ म्हणजे आमच्या शाळेतले लोक. प्रत्यय लागताच ‘तेप’चा ‘तिप’ झाला, हे लक्षात आले ना? आपल्याकडेही ‘त’ लागण्याआधी ‘शाळा’चे ‘शाळे’ होते. वाक्यातही उइगुर क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते: ‘मेन नान येयमेन’, मी नान खातो. तरीही उइगुर मराठीची बहीण नव्हे. वाक्याची ठेवण कुळाबाहेरही जुळू शकते.

जावानीजमध्ये क्रियापद मध्ये येते, आणि तिची खरी श्रीमंती आदराच्या पायऱ्यांत आहे. मित्रांमधली बोली ‘ङोको’ आणि अदबीची ‘क्रामा’. हे नाव संस्कृत ‘क्रम’वरूनच आले. आपण ‘बाबा जेवले’ म्हणताना क्रियापदाच्या टोकाला आदर लावतो. उइगुरमध्येही तो सर्वनामातून आणि क्रियापदाच्या टोकातून कळतो. जावानीज माणूस अख्खा शब्दच बदलतो. खाणे ङोकोत ‘माङान’, क्रामात ‘नेडा’, आणि वडीलधाऱ्यांच्या खाण्याला ‘डाहार’. हा शेवटचा शब्द स्वतःसाठी कधी वापरायचा नसतो. घरही तसेच: ‘ओमाह’, ‘ग्रिया’, ‘दालेम’. त्यातला ‘ग्रिया’ आपल्या ‘गृह’वरून घेतलेला.

लिपी पाहून नाते जोडू गेलो, तर आणखी फसू. जावानीजची जुनी लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आलेली, म्हणजे देवनागरीसारखीच ब्राह्मीची वंशज. याच भाषेसाठी अरबी वळणाची पेगोन लिपी वापरली गेली, आणि आज सर्रास रोमन. शिंजियांगमध्ये उइगुर 1965 ते 1982 या काळात नव्या रोमन लिपीत लिहिली गेली, मग पुन्हा अरबी वळणाच्या लिपीकडे वळली. सोव्हिएत मुलखात ती सिरिलिकमध्ये लिहीत. मराठी मोडीत लिहिली काय आणि बाळबोधीत लिहिली काय, मराठीच राहिली, तसेच हे.

पण म्हणून शब्दांच्या साम्याला कमी लेखायचे कारण नाही. अभ्यासक झोटमुल्डर यांच्या जुन्या जावानीजच्या कोशात सुमारे 25 हजार नोंदी आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या संस्कृतातून आलेल्या आहेत. कोण कुणाकडे गेले आणि काय शिकून आले, याचा तो दस्तऐवज आहे. फक्त त्याला वंशावळ समजू नये. पुढच्या वेळी परक्या भाषेत ओळखीचा शब्द कानी पडला, तर आनंद जरूर माना. आणि नाते सांगण्याआधी त्या माणसाला एक ते दहा मोजायला सांगा.