संग्रहालये, उद्याने आणि सामान्य प्रेक्षक

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बोम्मसंद्रा हे गाव आहे. अनेकल तालुक्यातील हे एके काळचे खेडे आज औद्योगिक वसाहतीने वेढलेले आहे. निरनिराळ्या राज्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे येथे राहतात. सुटीचा दिवस कोठे घालवावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्यांच्याजवळ मोकळा वेळ थोडा आणि पैसा मोजका असतो, त्यांच्या दृष्टीने तो क्षुल्लक नसतो. एक दिवस वाया गेला, तर पुन्हा तिकडे पाऊल वळत नाही. आणि मुलांच्या मनावर ‘संग्रहालय म्हणजे कंटाळा’ हे समीकरण कायमचे ठसते.

या गावाहून दोन वाटा निघतात. एक पश्चिमेला बन्नेरघट्ट्याच्या अरण्याकडे जाते, तर दुसरी शहराच्या मध्यभागी, कब्बन पार्कच्या परिसरातील संग्रहालयांकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो रेल्वे सुरू झाली आणि ही दुसरी वाट पुष्कळच सुकर झाली. मात्र वाट सुकर झाली म्हणून अनुभव चांगला येतोच असे नाही. एकाच ठिकाणाहून एक कुटुंब प्रसन्न होऊन परतते, तर दुसरे वैतागून. हा फरक का पडतो, याचा विचार करणे उद्बोधक आहे.

प्रथम बन्नेरघट्ट्याचे उदाहरण घेऊ. हे अरण्य १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्यातील प्राणिसंग्रहालय व सफारी यांचा भाग २००२ मध्ये वेगळा करून त्याला जैविक उद्यानाचे रूप देण्यात आले. २००६ मध्ये तेथे फुलपाखरांचे उद्यानही सुरू झाले. जाळी लावलेल्या बसमधून प्रेक्षक वाघ-सिंहांच्या आवारात जातात. वाघ रस्त्यालगत आला तर बसमध्ये आनंदाचा कल्लोळ उठतो. तो झुडपाच्या सावलीत पडून राहिला तर ‘पैसे फुकट गेले’ अशी तक्रार ऐकू येते. सर्कशीतला प्राणी हुकमासरशी समोर येत असे, आणि तीच अपेक्षा नकळत येथेही केली जाते.

वस्तुतः याच ठिकाणाला त्या जुन्या करमणुकीच्या अंताचा इतिहास आहे. वाघ, सिंह, अस्वल आदी प्राण्यांचे सर्कशीतील खेळ केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. सर्कशीतून सोडवलेल्या प्राण्यांना, तसेच पूर्वी रस्तोरस्ती नाचवल्या जाणाऱ्या अस्वलांना, बन्नेरघट्ट्यात आश्रय देण्यात आला. हा इतिहास बस सुटण्यापूर्वी कोणी दोन मिनिटांत सांगितला, तर सावलीत पडून राहण्याचा प्राण्याचा हक्क प्रेक्षकाला उमगेल. वाघ तितकाच दूर राहील. पण तक्रारीचे कारण उरणार नाही.

कब्बन पार्कलगतचे विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय याहून वेगळ्या प्रकारचे आहे. सर विश्वेश्वरय्या यांचे नाव महाराष्ट्राला परके नाही. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या नावाच्या या संग्रहालयाच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले आणि १९६५ मध्ये पहिले दालन जनतेला खुले झाले. येथे वस्तू नुसत्या पाहायच्या नसतात. कळ दाबायची, दांडा फिरवायचा आणि काय घडते ते पाहायचे. त्यामुळे मुले येथे रमतात. पण या पद्धतीचा एक दोषही आहे. शेकडो हातांनी रोज फिरवलेले यंत्र कधी ना कधी बिघडतेच. कळ दाबूनही काही घडले नाही, की मूल हिरमुसते. मुक्या दगडाने त्याला कसलेच वचन दिलेले नसते. कळीने मात्र दिलेले असते. म्हणून अशा संग्रहालयात दुरुस्ती करणारा कारागीर हा अभ्यासकाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

जवळच असलेले शासकीय संग्रहालय १८६५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या संग्रहात आतकूर येथील शिलालेख आहे. तो इ. स. ९४९ च्या सुमाराचा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात तक्कोलम येथे झालेल्या युद्धाचा त्यात उल्लेख आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदविले, तेच हे राष्ट्रकूट. त्या युद्धात पराक्रम गाजवणाऱ्या मनलेर नावाच्या वीराला गंग राजा बूतुग याने ‘हवे ते माग’ असे सांगितले, तेव्हा त्याने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे हा कुत्रा एका प्रचंड रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ मनलेराने हा दगड उभारला व त्याच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली.

ही कथा ऐकल्यावर त्या दगडापुढे थांबणार नाही असे मूल विरळाच. परंतु हळे कन्नड लिपी सामान्य प्रेक्षकाला वाचता येत नाही. आणि शेजारच्या पाटीवर केवळ स्थळ व शतक एवढाच मजकूर असेल, तर परप्रांतातून आलेला कामगार तेथून काही क्षणांत पुढे सरकेल. यात दोष त्याच्या अनास्थेचा नाही. त्याच्यापर्यंत वस्तू पोचली, कथा पोचली नाही.

मुंबईत भायखळ्याला हाच अनुभव दीर्घकाळ येत असे. राणीच्या बागेत प्राणी पाहायला लोटलेली गर्दी जाता जाता शेजारच्या संग्रहालयात डोकावे आणि बाहेर पडे. १८७२ मध्ये जनतेला खुल्या झालेल्या या संग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. पुढे इमारतीचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार होऊन २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. वस्तू प्रामुख्याने जुन्याच होत्या. मांडणी, प्रकाश व माहिती यांनी त्यांना नवे प्रेक्षक मिळवून दिले.

तेव्हा चांगल्या अनुभवासाठी फार मोठा खर्च लागतो असे नाही. बसायला बाक, प्यायला पाणी, स्वच्छ प्रसाधनगृह आणि समजेल अशा भाषेतील दोन-चार वाक्ये, एवढ्याने पुष्कळ काही साधते. प्रेक्षकानेही एका दिवसात सर्व दालने संपवण्याचा हट्ट सोडून एखादेच दालन सावकाश पाहावे.

याच शासकीय संग्रहालयात बेगूरहून आणलेला एक वीरगळ आहे. गंगांच्या काळातील एका लढाईचे दृश्य त्यावर कोरले आहे. मराठीतला ‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’, म्हणजे वीराचा दगड, यावरून आला. बेगूरच्या मंदिरात इ. स. ८९० च्या सुमाराचा आणखी एक लेख आहे आणि त्यात ‘बेंगळूरू’ हे नाव आढळते. मेट्रोने परतणाऱ्या कुटुंबाला वाटेत बोम्मनहळ्ळीचे स्थानक लागते. बेगूर तेथून जवळच आहे. आपल्या रोजच्या रस्त्यावरील गावचा दगड आपण आज पाहून आलो, हे त्या कुटुंबातील मुलांना संग्रहालयातच कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे.