टिटवाळ्यात आलेले बोलावणे

दिवाळीच्या आसपास ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील कितीतरी सुखवस्तू कुटुंबे मुलाबाळांसह मोटारी भरून मुरबाड-शहापूरच्या पाड्यांकडे निघतात, फराळाची पाकिटे, वह्या आणि इस्त्री केलेले जुने कपडे वाटतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. या उपक्रमाची टवाळी करण्याचा माझा मानस नाही, कारण दिलेले पांघरूण थंडीत उपयोगी पडतेच. परंतु काय द्यायचे, कोणाला द्यायचे आणि किती वेळ थांबायचे हे सारे पाड्यावर पाऊल पडण्यापूर्वीच शहरात ठरलेले असते, ही गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे.

याहून कितीतरी चिवट वृत्तीने काम करणारी माणसे जगात झाली. फिलिपीन्समधील मिंदोरो बेटाच्या डोंगरांत राहणाऱ्या मांग्यान जमातींमध्ये गेल्या शतकाच्या मध्यापासून ख्रिस्ती धर्मप्रचारक जाऊन राहिले, त्यांच्या बोली शिकले आणि त्या बोलींत त्यांनी बायबलची भाषांतरे केली. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावीच लागते. मात्र द्यावयाची वस्तू त्यांच्याही बाबतीत जहाजात बसण्यापूर्वीच ठरली होती. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात एक दांपत्य आदिवासींमध्ये गेले, त्याची कहाणी येथे जराशी वेगळी वाट घेते, आणि त्या वाटेचा आरंभ कल्याण तालुक्यातील टिटवाळ्यात आहे.

1945 च्या जानेवारीत टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याच्या सूत्रधारांपैकी गोदावरी परुळेकर या पूर्वाश्रमीच्या गोखले; जन्म 1907 सालचा, पुण्यातील वकिलाच्या घरातला. स्वतः कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य आणि पुढे कम्युनिस्ट कार्यकर्त्या. 1939 साली त्यांचा विवाह श्यामराव परुळेकरांशी झाला, आणि दोघांनीही सुखाचा संसार नावाची गोष्ट बहुधा बोहल्यावरच सोडून दिली असावी. टिटवाळ्याच्या त्या गर्दीत उंबरगाव तालुक्यातून आलेले मूठभर वारली आदिवासीही होते. आपल्या मुलखातील वेठबिगारीची कैफियत त्यांनी मांडली आणि आमच्याकडे या, असे माह्या धांगडा या वारल्याने आग्रहाने सांगितले. परुळेकर दांपत्य तिकडे गेले ते या बोलावण्यावरून. कल्याणहून उंबरगाव गाठायचे तर त्या काळी आधी दादरला उतरून बी. बी. सी. आय. रेल्वेची गाडी पकडावी लागे. एकाच जिल्ह्याची दोन टोके, परंतु आगगाडीच्या हिशेबाने दोन निराळे मुलूख.

तिकडची स्थिती सरकारदरबारी अज्ञात होती असे नव्हे. डी. सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील डोंगरी जमातींविषयी केलेला अहवाल 1939 साली प्रसिद्ध झाला होता, आणि जमीनदार-सावकारांनी वारल्यांना कसे जखडून ठेवले आहे हे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद होते. जखडण्याची रीत साधी होती. तरुण वारल्याने लग्नासाठी, म्हणजे देज, भात आणि दारू यांच्या खर्चासाठी, सावकाराकडून थोडीशी रक्कम घ्यावी आणि तिच्या फेडीपोटी नवरा-बायको दोघांनीही त्याच्या घरी व शेतावर राबावे. हिशेबाची वही सावकाराच्या हाती आणि वारल्याला अक्षरओळख नाही, त्यामुळे कर्ज फिटल्याचा दिवस त्या वहीत कधी उजाडतच नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. जो लग्नगडी नव्हता, त्या कुळालाही जमीनदाराच्या शेतावर फुकट वेठ करावी लागे, आणि नकार दिल्यास मारहाण ठरलेली.

पुण्यात वाढलेल्या या विदुषीने पाड्यापाड्यांतून पायपीट केली, वारल्यांच्या झोपड्यांतून मुक्काम केला, त्यांच्या पेजेत वाटा घेतला आणि मुख्यतः त्यांचे ऐकून घेतले. 23 मे 1945 रोजी झरी गावी जी परिषद भरली तिला सुमारे पाच हजार वारली जमले, आणि तेथे जे ठराव झाले त्यांत क्रांतीची पोपटपंची नव्हती: वेठ करावयाची नाही, आणि दिवसाला रोख बारा आणे मजुरी मिळाल्यावाचून जमीनदाराच्या कामावर जावयाचे नाही. एवढ्यानेच साऱ्या मुलखाचा नूर पालटला. लाल बावटा घेऊन वारली गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना त्यांनी मोकळे केले. सरकारच्या हुकमाची किंवा कोणा पुढाऱ्याच्या हस्ते होणाऱ्या समारंभाची वाट त्यांनी पाहिली नाही.

पुढे गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळावेत, ही मागणी घेऊन वारल्यांनी काम थांबविले. 10 ऑक्टोबर 1945 रोजी, गोदावरीबाई संकटात आहेत अशी खोटी बातमी पसरल्यामुळे तलवाडा येथे हजारोंचा जमाव लोटला. त्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच वारली मृत्युमुखी पडले. त्यांत जेठ्या गांगड होता. परुळेकरांवर जिल्ह्यातून हद्दपारीचे हुकूम सुटले, परंतु बाई नसतानाही संप मोडला नाही, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच. श्यामराव 1957 साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि 1965 साली कारावासातच वारले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे आपले अनुभवकथन 1970 साली प्रसिद्ध केले, त्याला 1972 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, आणि 1996 साली त्या निवर्तल्या.

परुळेकर कोऱ्या पाटीने गेले होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पक्षाचा सिद्धान्त त्यांच्याही बरोबर होता, आणि पुस्तकातही तो जागोजाग डोकावतो. परंतु बारा आणे आणि अडीच रुपये हे आकडे कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. ते वारल्याच्या पोटातून आले होते.

1960 च्या राज्यविभागणीत उंबरगावचा बहुतेक भाग गुजरातेत गेला, त्यातला तलासरीचा भाग आपल्याकडे राहिला, आणि 1 ऑगस्ट 2014 पासून तोही पालघर जिल्ह्यात मोडू लागला. त्यामुळे आजच्या ठाणेकराला हा सारा इतिहास परजिल्ह्यातला वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः वेठबिगारीचा तो विषय आजही कल्याणच्या वेशीवरच उभा आहे. पावसाळा संपला की कातकरी आदिवासी कुटुंबे बायकामुलांसह भिवंडी-कल्याणच्या परिसरातील वीटभट्ट्यांवर येतात. येण्यापूर्वी भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते, हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो आणि वही पुन्हा मालकाच्याच हाती असते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला. त्याचा आधार घेऊन विवेक आणि विद्युल्लता पंडित या दांपत्याने वसई तालुक्यातील वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम हाती घेतले, 1982 साली श्रमजीवी संघटना उभी केली, आणि 1999 साली गुलामगिरीविरोधी कार्याचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. वेठबिगार ठरलेल्या मजुराला सरकारी अधिकाऱ्याकडून मुक्तीचा दाखला मिळतो आणि त्याच्या डोक्यावरील उचलीचा बोजा कायद्याने रद्द होतो. फराळ घेऊन मुरबाडकडे निघालेल्या मोटारी वाटेत अशा अनेक भट्ट्यांवरून जातात. त्यांपैकी एखादी तेथे थांबली, तर मजुराला उचल किती आणि आजवर फिटली किती, एवढे तरी विचारता येईल.