टेलिव्हिजनला कुलूप लागतें तेव्हां

रात्रीं नीट चाललेला जुना टेलिव्हिजन सकाळीं लावावा, तों पडद्यावर कुलुपाचें चित्र किंवा चार अंकांची मागणी दिसावी, असा प्रसंग शहरांतील पुष्कळ घरांत येतो. मुलेंबाळें कामावर गेलेलीं असतात, वृद्ध माणूस घरांत एकटें असतें आणि दुपारची त्याची सोबतच बंद पडते. सायंकाळीं कोणी संच बिघडल्याचा निकाल देतो, कोणी तो भंगारवाल्यास देऊन टाकण्याची गोष्ट काढतो. वस्तुतः संच बहुधा धडधाकट असतो. त्यानें कोणाची तरी आज्ञा लक्षांत ठेवलेली असते, इतकेंच.

ही आज्ञा राहते कोठें? बटण पिळून वाहिनी बदलण्याच्या काळांत संचाला स्मरणशक्ति अशी नव्हतीच. रिमोट आला, तेव्हां आवाज, रंग व वाहिन्यांचा क्रम एका लहानशा चिपमध्यें नोंदला जाऊं लागला. ही चिप वीज गेली तरी कांहीं विसरत नाहीं. कुलुपाची आज्ञाहि तिच्यांतच लिहिलेली असते. म्हणून प्लग काढून तासभर वाट पाहण्याचा सर्वांच्या आवडीचा उपाय येथें बहुधा फुकट जातो. गोंधळून थिजलेला संच त्यानें ताळ्यावर येईल. कुलूप मात्र उघडणार नाहीं.

कुलूप संचाचें कीं सेट-टॉप बॉक्सचें, हें प्रथम ठरवावें. संचाच्या रिमोटवरील ‘सोर्स’ बटणानें दुसऱ्या जोडणीवर जावें. संदेश नाहींसा झाला, तर बहुधा दोष बॉक्सकडे आहे आणि पिनहि त्याचाच लागेल.

रिमोट चालतो, पण संचावरील बटणें दाद देत नाहींत, तेव्हां तें ‘की लॉक’ किंवा ‘चाइल्ड लॉक’ समजावें. कांहीं संचांत एकच बटण कांहीं सेकंद दाबून धरल्यानें तें लागतें. धूळ पुसणारा हातहि त्यास पुरतो! मेनूंत जाऊन तें काढतां येतें. अडचण होते ती रिमोट हरवलेल्या घरीं, कारण किल्ली त्याच्याचजवळ असते. त्याच मॉडेलचा नवा रिमोट आणणें हाच तेथें सरळ मार्ग. रिमोट चालतो कीं नाहीं, हें मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यांतून पाहावें. बटण दाबतांच त्याच्या टोकाशीं डोळ्यांस न दिसणारा प्रकाश चमकतांना दिसतो.

अंकांचें कुलूप मुळांत मुलांसाठीं आहे. अमेरिकेंत १९९६ च्या दूरसंचार कायद्यान्वयें अशी सोय करणारी ‘व्ही-चिप’ १ जानेवारी २००० पासून १३ इंचांच्या व त्याहून मोठ्या नव्या संचांत सक्तीची झाली. कारखान्यांतून निघालेल्या पुष्कळ संचांचा पिन ०००० असतो. सॅमसंगच्या अनेक जुन्या संचांत, संच बंद असतांना म्यूट, ८, २, ४ व पॉवर हीं बटणें क्रमानें दाबलीं म्हणजे पिन पुन्हां ०००० होतो. सोनीच्या अनेक ब्राव्हिया संचांस ९९९९ हा अंक नेहमींच मान्य असतो. ज्या कुलुपाची किल्ली माहितीपुस्तिकेंतच छापलेली, तें चोरासाठीं खासच नव्हे.

आवाज ठराविक मर्यादेपुढें चढत नाहीं, मेनू उघडत नाहीं, संच दर वेळीं एकाच वाहिनीवर सुरू होतो, अशीं लक्षणें असल्यास तो ‘हॉटेल मोड’ होय. लॉजमधून विकत घेतलेल्या जुन्या संचांत तो सांपडतो. काढण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते.

एक खरा बिघाडहि कुलुपासारखा भासतो. धूळ व पावसाळी दमट हवा यांनीं संचावरील एखाद्या बटणाच्या आंतील जोड दाबलेलाच राहतो. मग मेनू आपोआप उघडतो, आवाज आपोआप चढतो आणि इतर बटणें निरुपयोगी ठरतात. बटण बदलणें हें अल्प खर्चाचें काम आहे, पण तें घरीं करूं नये. पिक्चर ट्यूबच्या संचांत वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकून राहूं शकतो. मेकॅनिकास बोलावतांना संचाच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक, पडद्यावरील संदेशाचे नेमके शब्द आणि कोणतें बटण चालतें, कोणतें नाहीं, एवढें टिपून ठेवावें.