अ‍ॅस्बेस्टॉसजन्य आजार आणि नुकसानभरपाईचे दावे : पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना :

यंत्रात कामगाराचे बोट सापडले तर त्या घटनेला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणाऱ्या आजाराला यांपैकी काहीच नसते. औद्योगिक शहरांतील अशा आजारांबाबत नुकसानभरपाई मागताना पुराव्याची जी अडचण उभी राहते, तिचा मुख्यतः भारतीय संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजाराचे स्वरूप :

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज होय. ते जळत नाही, उष्णता रोखते आणि स्वस्तही पडते. त्यामुळे सिमेंटचे पत्रे, ब्रेक लायनिंग, बॉयलरची वेष्टने यांत त्याचा मुबलक वापर झाला. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊन रुततात. त्यातून अ‍ॅस्बेस्टोसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार उद्भवतात. मेसोथेलिओमा प्रकट होण्यास बहुधा २० ते ४० वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि कारखाना बंद पडलेला किंवा त्याची मालकी बदललेली असू शकते.

कायदा व न्यायालये :

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत पुढे अ‍ॅस्बेस्टोसिसचा समावेश झाला. तथापि दाव्याच्या मुदतीसंबंधीच्या कलम १० मध्ये नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसणाऱ्या कामगाराचाच विचार होता. वीस वर्षांनी धाप लागू लागलेल्या कामगाराला विलंबाचे कारण पटवून देऊन आयुक्तांच्या विवेकावर विसंबावे लागे. पुढे हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला.

या पार्श्वभूमीवर 'कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार' या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय महत्त्वाचा ठरतो. कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या फेरतपासणीत संबंधित कामगारांपैकी जे बाधित आढळतील, त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचाही आदेश झाला. या निर्णयाचे विवेचन बहुधा अनुच्छेद २१ पाशीच थांबते. माझ्या मते त्यातील एक रुक्ष वाटणारा निर्देश अधिक मोलाचा आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी, असा तो निर्देश आहे. आजाराच्या सुप्तकाळाची दखल येथे थेट घेतली गेली. अर्थात वयाच्या विसाव्या वर्षी दोनच वर्षे काम करून पासष्टाव्या वर्षी आजारी पडणारा कामगार याही मर्यादेबाहेर राहतो. २०११ मध्ये 'कल्याणेश्वरी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालण्याची मागणी फेटाळली.

कामगाराने अनेक ठिकाणी काम केले असेल, तर कोणत्या मालकाकडचा तंतू घातक ठरला, हे वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 'फेअरचाइल्ड' खटल्यात (२००२) मेसोथेलिओमापुरता यावर मार्ग काढला. ज्याने आपल्या हयगयीने धोका लक्षणीय वाढवला, तो मालक जबाबदार धरला गेला. पण त्यासाठीही कामगार त्या मालकाकडे होता, हे आधी सिद्ध व्हावे लागते.

नोंदीबाहेरचे कामगार :

मुंबईतील दारूखान्यासारख्या जहाजतोडणीच्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच बिकट होतो. जुन्या जहाजांच्या इंजिनकक्षांतील नळांभोवती व बॉयलरभोवती अ‍ॅस्बेस्टॉसचे थर असतात. ते उपसणारा मजूर पुष्कळदा मुकादमामार्फत आलेला, रोजंदारीवरचा असतो. त्याचे नाव हजेरीपटावरच नसेल, तर ४० वर्षे जपायची ती कोणती नोंद? कामावरून आलेले धुळीचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या पत्नीच्या शरीरातही तेच तंतू जाऊ शकतात. ती कोणाचीही कामगार नसल्यामुळे १९२३ च्या कायद्याखाली तिला स्वतःच्या आजारासाठी दावाच करता येत नव्हता.